चांदी खरी, नाणं खोटं

जळगावच्या सराफ बाजारात जुना रुपया नेला, की तो आधी काट्यावर चढतो. धुळ्यात, राजवाडे संशोधन मंडळाचा संग्रह बघत ज्याची नजर तयार झाली अशा माणसापुढे तोच रुपया ठेवला, की आधी भिंग निघतं. एकाला वजन दिसतं, दुसऱ्याला साल. नाण्यांच्या नादाला नव्याने लागलेल्या माणसाने यातलं कोणाचं ऐकावं, हा प्रश्न खानदेशात नुसता पुस्तकी नाही. लक्ष्मीपूजनाला चांदीचे रुपये मांडणारी घरं इथे गावोगाव आहेत. सातपुड्यातल्या बायकांच्या गळ्यातले रुपयांचे हार अजूनही कधी ना कधी मोडीला येतात. आणि ‘जुनं नाणं द्या, लाखो मिळवा’ हे निरोप तर आता शेताच्या बांधावरही पोचतात.

म्हणून हा संवाद. शेठ जळगावातल्या पेढीवर बसतात. सर धुळ्याला इतिहास शिकवून निवृत्त झाले. मधे बसली आहे सरांची भाची. ती जळगावात इंजिनीअरिंग शिकते, आणि पाच हजार रुपये बाजूला ठेवून संग्रहाला सुरुवात करायची म्हणते.

भाची: मामा, पहिलं नाणं कोणतं घेऊ?

सर: पहिलं नाणं विकत घेऊच नकोस. आजीच्या देव्हाऱ्यात बघ. तिथे नसेल तर घरातली चिल्लर उपस. डॉ. आंबेडकरांचा १९९०चा एक रुपया, संत ज्ञानेश्वरांचा १९९९चा एक रुपया, त्याच वर्षीचं शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं, लोकमान्य टिळकांचं २००७चं पाच रुपयांचं. ही सगळी व्यवहारात फिरलेली नाणी. नशिबाने हाती लागली तर दर्शनी किमतीतच पडतात. मग सालाच्या खाली बघायला शिक. चौकटच्या पानावर असतो तसा छोटा चौकोन असेल तर मुंबईची टांकसाळ, चांदणी असेल तर हैदराबादची, ठिपका असेल तर नोएडाची, काहीच नसेल तर कोलकात्याची. एकाच सालाचं एकच नाणं चारही टांकसाळींचं जमवून दाखव. महिनाभर गेला तरी हरकत नाही. नजर तयार होईल आणि पाच हजार तसेच राहतील.

शेठ: सर, हा शाळेतल्या पोरांचा अभ्यास झाला. पाच हजार घेऊन निघालेल्या माणसाला चांदीच पाहिजे असते, तुम्ही नाही म्हणालात तरी तो घेणारच. मग त्याला घ्यायचं कसं ते सांगा. बेटा, आधी काटा घे. दोन दशांशापर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा आता कुठेही मिळतो. राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा रुपया, बरोबर एक तोळा. आम्ही आता दहा ग्रॅमला तोळा म्हणतो, पण जुना तोळा या रुपयाचाच, ११.६६ ग्रॅमचा. टंच शंभराला ९१.७. म्हणजे शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. त्याला आजचा भाव लाव. तो झाला तळ. नवशिक्याने या तळापासून फार वर जाऊ नये. उद्या कोणी संग्राहक भेटला नाही तरी मी भेटेन.

सर: चांदीचा भावही खाली येतो की.

शेठ: येतो. शून्यावर येत नाही. तुमच्या शिवराईचं तांबं मोडीत घातलं तर एका चहाचे पैसे सुटतील. तिथे तळ नाहीच, सगळा भाव हवेत.

सर: हवेत नाही, माहितीत. ती माहिती ज्याला नाही त्याला हवा वाटते.

भाची: पण शेठकाका, वजन बरोबर आणि धातू दुसराच असला तर?

शेठ: म्हणून पाणी.

शेठनी काट्यावर पाण्याचा पेला ठेवला आणि काटा शून्यावर आणला. रुपया दोऱ्याला बांधून असा सोडला की तो पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा काचेला टेकणार नाही. काट्यावर १.१३ आलं.

शेठ: एवढं पाणी या रुपयाने बाजूला सारलं. ११.६६ला १.१३ने भाग, सव्वादहाच्या जरा वर येईल. ही चांगली चांदी. आता हा दुसरा, जर्मन सिल्व्हरचा. वजन तेवढंच बनवलंय, पण धातू हलका म्हणून अंगाने जाड. पाण्यात १.३५च्या आसपास जातो. वजन चोरता येतं, आकार चोरता येतो, दोन्ही एकदम चोरणं अवघड. आणि एक ध्यानात ठेव. १९४०पासून सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. १९४७चा रुपया तर निकेलचा, त्याला लोहचुंबक चिकटतं. पण बाजारात यातल्या कशालाही बिनधास्त ‘चांदीचा कलदार’ म्हणतात. १९४५चा रुपया १९१८च्या रुपयाच्या भावात घेतलास, तर निम्मी चांदी तू तिथेच सोडून आलीस.

सर: हे मला मान्य. आता माझा एक रुपया तुमच्या पाण्यात सोडा.

सरांनी पाकिटातून १८८५ सालाचा राणीछाप काढला. वजन ११.६२. पाण्यात १.१२. शेठनी तो फरशीवर हलकेच वाजवला. आवाज स्वच्छ.

शेठ: चोख आहे. रोख पैसे देतो.

सर: चांदी चोख आहे. नाणं खोटं आहे.

सरांनी भिंग भाचीच्या हातात दिलं आणि तिला तीन जागा दाखवल्या. राणीचा गाल आणि कानावरचे केस, कडेची अक्षरं आणि रुपयाची किनार.

सर: झीज आधी उंचवट्यावर येते. माणसाच्या बोटाला गाल लागतो, मुकुट लागतो. खोलातली अक्षरं शेवटी झिजतात. इथे उलटं आहे. गाल ताजा, अक्षरं मात्र साबणाच्या वडीवरच्या नावासारखी बुळबुळीत. मोकळ्या जागेत पुटकुळ्या आहेत. टांकसाळीच्या ठशाने दाबलेल्या नाण्याची पातळी अशी नसते, ही साच्याची खूण. आणि किनारीचे दाते मोज, एका बाजूला दाट, दुसऱ्या बाजूला विरळ. चांगली चांदी घेऊन अलीकडे ओतलेला रुपया आहे हा. शेठ, तुमच्या तिन्ही परीक्षा यात पास.

शेठ: पास कारण चांदी खरी आहे. मी चांदीच्या भावाने घेतला, माझं काय गेलं?

सर: तुमचं काहीच गेलं नाही. तुम्ही धातू घेतलात. हिला मात्र नाणं म्हणून विकला तर हिचं सगळं गेलं. आता हाच प्रकार १९३९च्या रुपयावर करून बघा. सहाव्या जॉर्जचा १९३९चा रुपया दुर्मिळ, १९३८चा भरपूर. मग कोणीतरी आठाच्या आकड्यावर हात चालवतो आणि नऊ करतो. चांदी खरी, वजन खरं, ठसा खरा, फक्त एक आकडा खोटा. काटा काय करेल तिथे?

शेठ: तिथे काटा नाही, अक्कल. दुर्मिळ माल अनोळखी माणूस स्वस्तात देत असेल तर उठून चालायला लागायचं. सराफी शिकवताना आम्हाला पहिली गोष्ट हीच सांगितली.

सर: ही अक्कल प्रत्येकाला दोनदा ठेच लागल्यावर येते. मी म्हणतो, ठेच न लागता यावी. त्यासाठी एक अस्सल, साधा, कमी किमतीचा नमुना आपल्याकडे पाहिजे. महागड्या १९३९च्या आधी स्वस्त १९३८ घे. तो हातात रोज फिरव. तो पाठ झाला की त्याची नक्कल हाताला वेगळी लागते.

भाची: म्हणजे दुर्मिळ नको, जुनं चालेल?

सर: हाही एक गोंधळ. जुनं आणि दुर्मिळ यांचा संबंध विकणारे जोडतात. राणीच्या रुपयावर १८६२ हे साल पुढे दहा-अकरा वर्षं तसंच छापत राहिले. त्यामुळे दीडशे वर्षं उलटून गेली तरी ‘१८६२’ भरपूर सापडतो. त्यातल्या ठिपक्यांवरून खरं वर्ष ओळखण्याचा अभ्यास आहे, तो मौजेचा आहे, पण दुकानदाराने नुसतं साल दाखवून वेगळे पैसे मागितले तर देऊ नकोस. पश्चिमी क्षत्रपांची दोन-दोन ग्रॅमची चांदीची नाणी सोळाशे वर्षांहून जुनी आहेत, आणि त्यातले काही राजे अगदी सर्रास मिळतात. किंमत ठरते ती किती उरली, किती जणांना पाहिजे आणि कोणत्या अवस्थेत आहे यावर. वय त्यानंतर.

शेठ: अवस्थेचं आमच्याकडे उलटं असतं. धनत्रयोदशीच्या गिऱ्हाइकाला चकाकी पाहिजे. काळपट रुपया दिला तर म्हणतात, शेठ, खोटा आहे का? मग आम्ही उजळून देतो.

सर: आणि तिथेच त्याचा नाणं म्हणून असलेला अर्धा भाव तुम्ही घासून टाकता. पावडर लावून, चिंच लावून, ब्रशने चोळून जे निघतं तो मळ नसतो, नाण्याचा वरचा थर असतो. चांदीवरचा जुना काळपटपणा संग्राहकाला हवा असतो. एकदा घासलेलं नाणं पुन्हा घासलेलं नाही असं करता येत नाही. माती लागली असेल तर स्वच्छ पाण्यात भिजत ठेव, कापडाने टिपून घे, चोळू नकोस. आणि प्लास्टिकच्या मऊ पाकिटांत वर्षानुवर्षं ठेवू नकोस. काही प्लास्टिक चिकटतं आणि नाण्यावर हिरवट थर धरतं.

शेठ: एक मात्र मी सांगतो, सर पुस्तकात बघून सांगणार नाहीत. डोंगरातल्या बायकांच्या हारातले रुपये मोडीला आले की त्यांची कडी तोडलेली असते. मग कोणी तिथली झाळ घासून सपाट करतो, कोणी भोक बुजवतो. वजनाला फरक पडत नाही, म्हणून मी घेतो. पण नाणं म्हणून घेणाऱ्याने नेहमी बारा वाजताच्या जागी किनार बघावी. एखादा डाग वेगळ्या रंगाचा दिसला, किंवा बोटाला तिथेच गुळगुळीत लागलं, की समजायचं, हा रुपया कोणाच्या तरी गळ्यात होता.

सर: हे मी लिहून घेतो.

भाची: माझ्या ग्रुपवर एक नाणं आहे. तांब्याचं, एका बाजूला राम-लक्ष्मण-सीता, दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’. म्हणे चुंबकासारखं तांदूळ ओढतं.

शेठ: अरे देवा. अजून चालू आहे ते?

सर: याच्यावर विचार करायला भिंगही लागत नाही, इतिहास पुरतो. १८१८ साल खानदेशाला वेगळं सांगायला नको. पेशवाई बुडाली आणि हा मुलूख कंपनीकडे गेला ते साल. तेव्हा कंपनीचा चांदीचा रुपया कोणाच्या नावाने पडत होता? दिल्लीच्या बादशहाच्या, फारसी अक्षरांत. मुंबईच्या तांब्याच्या पैशावर कंपनीचं चिन्ह आणि तराजू. विल्यम राजाचा चेहरा असलेला, सगळ्या मुलखाला एकच रुपया १८३५ला आला. कंपनीने राम दरबाराचं नाणं कधीच पाडलं नाही. जत्रेत देवाचा बिल्ला म्हणून विकला तर हरकत नाही. नाणं म्हणून विकला तर फसवणूक. तांदूळ ओढण्याचं तर विचारूच नकोस, त्या नावाखाली लोकांनी शेतं गमावली आहेत.

शेठ: आणि वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं, ७८६ नंबरची नोट, ट्रॅक्टरची नोट! लोक पेढीवर येतात, शेठ, लाख देता का? मी म्हणतो, पाच रुपयांचं सुटं देतो.

भाची: ग्रुपवर तर म्हणतात, आधी नोंदणीचे पैसे भरा, मग रिझर्व्ह बँकेचं प्रमाणपत्र येतं.

सर: ऑगस्ट २०२१मध्ये रिझर्व्ह बँकेनेच पत्रक काढून सावध केलं होतं. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात बँकेचं नाव आणि चिन्ह वापरून लोक शुल्क, कमिशन, कर मागतात. बँक अशा व्यवहारात पडत नाही आणि कोणाकडून पैसे मागत नाही. विकणाऱ्याने विकण्यासाठी आधी पैसे भरायचे, असा व्यवहार कुठल्याही बाजारात नसतो.

शेठ: मी एकच कसोटी सांगतो, ती प्रत्येक दुकानाला लागू पडते. नाण्याचा भाव सांगितला की लगेच विचारायचं, हेच मी पुढच्या महिन्यात परत आणलं तर किती द्याल? जो आकडा सांगतो तो व्यापारी. जो म्हणतो ‘अहो, हे तर वाढतच जाणार’, त्याच्याकडून काही घेऊ नको. वाढणार असेल तर तोच का विकतोय?

सर: ही कसोटी मलाही पटते. फक्त त्यातून एक उलटा अर्थ निघू नये. दुकानदाराचा देण्याघेण्याचा फरक असणारच, त्याचं पोट त्यावर आहे. छंदासाठी घेणाऱ्याने तो फरक छंदाचा खर्च समजावा. उद्या विकून नफा होईल या आशेवर पहिली पाच वर्षं तरी काहीच घेऊ नये.

शेठ: इथे आपलं जुळत नाही. ज्यात पैसा परत येत नाही त्यात पैसा घालायचा कशाला?

सर: तुम्ही दरवर्षी मुक्ताईच्या वारीला जाता, त्याचा पैसा परत येतो का?

शेठ: वारीचा हिशेब मी मांडत नाही. पण वारीला निघालेल्याला कोणी ‘भाव दुप्पट होईल’ असंही सांगत नाही. नाणं विकणारा सांगतो. म्हणून हिशेब.

भाची: बरं, मामा, मग तुमच्या मते मी काय जमवावं?

सर: एक भूभाग धर. आपलाच धर. क्षत्रपांची चांदी, बुऱ्हाणपूर टांकसाळीचे मुघल रुपये, शिवराई, चांदवडचा होळकरी रुपया आणि शेवटी कंपनी. चांदवडी रुपयावरही अक्षरं फारसी आणि नाव शाह आलमचं, टांकसाळ मात्र होळकरांची, ‘जाफराबाद उर्फ चांदोर’. ठसा मोठा, रुपया लहान, म्हणून प्रत्येकावर मजकुराचा वेगळा तुकडा उतरतो. दोन-चार रुपये शेजारी ठेवले तर पूर्ण ओळ जुळते. ही मौज काट्यावर येत नाही, शेठ.

शेठ: येत नाही, हे खरं. पण भूभागाचा अभिमान सुरू झाला की गोष्ट सुरू होते. आणि गोष्ट सुरू झाली की भाव चढतो. परवा एक जण आला. ‘शेठ, हाई महाराजांनी राज्याभिषेकाची शिवराई शे.’ दुदांडी, म्हणजे अक्षरांमध्ये दोन रेघा असलेली होती, दिसत होतं.

सर: दुदांडी म्हणजे पेशवाईतली. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरं महाराजांनंतरही पिढ्यान् पिढ्या पडत राहिली. बाजारात दिसणाऱ्या बहुतेक शिवराया महाराजांच्या हयातीतल्या नव्हेत. त्यांची किंमत म्हणून कमी होत नाही. दीड-दोनशे वर्षं रयतेच्या हातात एकाच राजाचं नाव फिरत राहिलं, ही काय लहान गोष्ट आहे? पण ती गोष्ट खरी आहे तशी विका. सोन्याचा शिवराई होन तर अत्यंत दुर्मिळ. तो जर कोणी पिशवीतून काढून दाखवत असेल, तर ती नक्कल आहे असं धरूनच बोलायला सुरुवात करायची.

शेठ: म्हणून मी म्हणतो, गोष्टीला पैसे द्यायचेच नाहीत. धातूला द्या, फार तर नाण्याला द्या. गोष्ट फुकट ऐका.

सर: आणि मी म्हणतो, गोष्टीशिवाय नाणं म्हणजे मोड. अकबराने असीरगड घेतला १६०१मध्ये. रावेरच्या पलीकडे, बुऱ्हाणपूरच्या वर तो किल्ला. त्याच्या स्मरणार्थ ससाण्याचं चित्र असलेली सोन्याची मोहर पाडली. तिचं सोनं तुमच्या काट्यावर किती भरेल? एका साध्या मोहरेइतकंच. तरी जगातली मोठी संग्रहालयं ती जपतात. कशासाठी? सोन्यासाठी?

शेठ: संग्रहालयाकडे तज्ज्ञ आहेत. या पोरीकडे पाच हजार आहेत.

सर: मग तिला परवडेल असं उदाहरण देतो. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला. तेरा हजारांहून जास्त नाणी, नहपान क्षत्रपाची. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. शत्रूचं नाणं गोळा करून त्याच्या तोंडावर आपली खूण.

शेठ: दोन ग्रॅमचं एक धरलं तर पंचवीसेक किलो चांदी.

सर: नेमकं हेच. ते पंचवीस किलो कोणी गुपचूप सराफाकडे नेलं असतं, तर लगडी झाली असती आणि कोण कोणावर जिंकलं याचा एवढा भक्कम पुरावा भट्टीत गेला असता. साठा एकत्र मोजला गेला म्हणून इतिहास झाला. नाणं कुठे सापडलं, कशाबरोबर सापडलं, ही गोष्ट तुम्ही फुकट ऐका म्हणता ना, ती तशी फुकटची नाही.

शेठ: मी साठा वितळवला नाही, सर. शेतात सापडलेला माल आणला तर आम्ही हातही लावत नाही. पोलीस आमच्याच दारात येतात.

सर: आणि यावेत. १८७८च्या कायद्याने जमिनीत पुरलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा साठा सापडला तर कलेक्टरला कळवावं लागतं. नवशिक्याने एवढं लक्षात ठेवावं. ‘नांगराला लागलं, कालच निघालं, अजून माती आहे’ ही गोष्ट ऐकली की दोनच शक्यता. खोटी असेल तर नाणं नकली. खरी असेल तर नाणं घेणं गुन्ह्यात शिरणं. दोन्हीकडून पाठ फिरवायची. आणि शंभर वर्षांहून जुनं नाणं परदेशातल्या मित्राला भेट म्हणून पाठवायचं नाही. १९७२च्या कायद्याने ते बंद आहे.

भाची: मग ऑनलाइन लिलावात घेतलं तर बरं ना? तिथे सगळं तपासलेलं असतं.

सर: नावाजलेल्या लिलावघरांच्या जुन्या याद्या वाच. त्यातला विकला गेलेला भाव हा खरा बाजारभाव. कॅटलॉगमधला भाव हा अंदाज. पण बोली लावताना हिशेब पूर्ण कर. हातोडा पडतो त्या आकड्यावर लिलावघराचं कमिशन चढतं, त्यावर कर, त्यावर टपाल. पाच हजारांची मर्यादा असेल तर बोली चार हजारांच्या आतच थांबव.

शेठ: आणि ते प्लास्टिकच्या डबीत सीलबंद येतं, ते?

सर: पीसीजीएस, एनजीसी या अमेरिकी संस्था नाणं तपासून डबीत बंद करतात, वर क्रमांक देतात. क्रमांक त्यांच्या साइटवर टाकून चित्र जुळतं का बघायचं, कारण डब्याही नकली येतात. नवशिक्याला मी ती शिफारस करणार नाही. पाचशेच्या नाण्यावर त्याहून जास्त खर्चाची डबी कशाला?

शेठ: सरकारी टांकसाळीचे नवे संच येतात ना, शंभराचं नाणं, हजाराचं नाणं?

सर: आवडत असेल तर टांकसाळीच्या साइटवरून, छापील किमतीत घे. २०१०ला बृहदीश्वर मंदिराचं पहिलं हजार रुपयांचं नाणं आलं तेव्हापासून असली बरीच आली. बाजारात फिरण्यासाठी ती काढलेलीच नसतात, म्हणून सगळेच जपून ठेवतात. सगळ्यांनी जपलेली वस्तू दुर्मिळ कशी होईल? दुसऱ्याच्या हातून चढ्या भावात घ्यायची नाहीत, एवढं पाळलं तरी पुरे.

भाची: शिकायला कुठे जाऊ? तुम्ही रोज जळगावला येणार नाही.

सर: धुळ्याला ये, राजवाडे मंडळाचा संग्रह बघ. नाशिकजवळ अंजनेरीला मुद्राशास्त्राची संशोधन संस्था आहे, मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे. परमेश्वरीलाल गुप्तांचं नॅशनल बुक ट्रस्टने काढलेलं ‘कॉइन्स’ हे पुस्तक मिळव. पहिल्या पैशाचं पुस्तक, दुसऱ्या पैशाचं नाणं.

शेठ: पहिल्या पैशाचा काटा.

सर: बरं, काटा आणि पुस्तक एकाच दिवशी.

भाची: मी असं करते. विकणाऱ्याला नुसता भाव विचारणार नाही, भावाची फोड विचारणार. यात धातूचे किती, नाण्याचे किती आणि गोष्टीचे किती? पहिला आकडा काट्यावर तपासता येतो. दुसरा भिंगाखाली, अस्सल नमुन्याशेजारी ठेवून.

शेठ: आणि तिसरा?

भाची: कुठून आलं, कोणाकडे होतं, आधी कधी विकलं गेलं याचा कागद असेल तर तिसऱ्यावर बोलू. कागद नसेल तर तो आकडा वजा करून उरलेले देऊ.

सर: याच्याशी माझं भांडण नाही. कागद वाचून मी देईन.

शेठ: कागद असला तरी मी देणार नाही. पण तू आकडे वेगळे करून मागितलेस ना, तर दहातले सात विकणारे तिथेच चिडतील. उरलेल्या तिघांकडून घे. बिल घे, बिलावर वजन, साल आणि टांकसाळ लिहून घे, नकली निघालं तर परत घेईन असंही लिहून घे. आणि रुपया माझ्याकडून घेतलास, तरी तो तुझ्याच काट्यावर तोल.